खळ कोणाला म्हणावं?

(कर्जत-खालापूर परिसरातील हरिनाम सप्ताहात झालेल्या कीर्तनाच्या ध्वनिमुद्रणावरून)

पूर्वरंग

मायबाप श्रोतेहो, आज निरूपणाला अभंग नाही. आज एक शब्द घेतला आहे. दोनच अक्षरं. खळ.

कीर्तन संपलं की आपण हात जोडून पसायदान म्हणतो. शाळेतली पोरंही म्हणतात. नऊ ओव्या, सगळ्यांना पाठ. पण पाठ असलेल्या गोष्टीचा एक तोटा असतो बरं का. ती जिभेवरून निघून जाते आणि आपल्याच कानाला पत्ता लागत नाही. या नऊ ओव्यांत माउलींनी आधी विश्वात्मक देवाला हाक मारली, माझ्या या वाणीच्या यज्ञाने संतुष्ट हो म्हणाले, आणि मग मागायला सुरुवात केली. पहिलं मागणं कुणासाठी? भक्तांसाठी असेल असं वाटतं. संतांसाठी असेल असं वाटतं. ते पुढे येतात. पहिलं मागणं आहे खळांसाठी.

खळ म्हणजे कोण? दुष्ट, कपटी, दुसऱ्याचं वाईट झालं की ज्याला गोड लागतं तो. संस्कृतात हा शब्द 'खल' असा आहे. आपल्याकडे येताना फलाचं फळ झालं, बलाचं बळ झालं, तसा खलाचा खळ झाला. (कुणी चेष्टेखोर लगेच म्हणेल, बुवा, मग आमच्या खालापूरचं काय? अहो, उच्चार जवळ आला म्हणून नातं जवळ येत नाही. तसं असतं तर खळखळून हसणारे सगळेच खळ ठरले असते.)

तर माउलींनी या खळांसाठी काय मागितलं? त्यांचा नाश मागितला का? तसं मागितलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. पुराणात देव अवतार घेतात ते दुष्टांच्या संहारासाठीच. पण माउलींनी मागितलं ते एवढंच, की त्यांची व्यंकटी जावी. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा, वाक. आणि तिथेच न थांबता म्हणाले, त्यांना चांगल्या कामाची गोडी लागावी, जीवाजीवांत मैत्री व्हावी. नांगराचा फाळ वाकला तर आपण काय करतो? लोहाराकडे नेतो. तो तापवतो, ठोकतो, सरळ करून देतो. फाळ ओढ्यात फेकून कुणी घरी येत नाही. माउलींच्या लेखी वाकडेपणा ही माणसाला लागलेली गोष्ट आहे. जी लागली ती सुटू शकते. माणूस राहू दे, वाक जाऊ दे, असं ते मागणं आहे.

आता हे मागणारा कोण होता ते बघा. विठ्ठलपंत संन्यास घेऊन काशीला गेले, गुरूच्या आज्ञेने पुन्हा संसारात आले, आणि चार लेकरं झाली. गावाने काय म्हटलं? संन्याशाची पोरं. त्या लेकरांनी चोरी केली नव्हती, कुणाला फसवलं नव्हतं. त्यांचा गुन्हा एकच, ती जन्माला आली. मुंजीसाठी, शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत फिरावं लागलं अशी कथा परंपरा सांगते. ज्याच्या कपाळी जन्मावरून शब्द चिकटवला, त्याच मुलाने पुढे नेवाशाला, शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण केली, आणि शेवटी देवाजवळ मागितलं काय? तर ज्यांनी छळलं असेल त्यांचाही वाक जावा.

मराठीत आणखी दोन खळ आहेत, तेही ऐकून ठेवा. एक खळ म्हणजे पिठाची चिकट लापशी, कागद चिकटवायला करतात ती. आणि दुसरं आपलं खळं, भात झोडायचं. आपण भातवाली माणसं. उल्हासच्या काठाला कर्जत, पाताळगंगेच्या काठाला खालापूर, दोन्हीकडे दिवाळीच्या सुमाराला खळी सारवली जातात. खळ्यावर आपण काय करतो? भारा झोडतो, वाऱ्यावर उफणतो. पोचट उडून जातं, दाणा खाली राहतो. भाऱ्यात पोचट निघालं म्हणून आख्खा भारा जाळणारा शेतकरी मी तरी पाहिला नाही.

मग आजचा प्रश्न असा. वाईट माणसाला वाईट म्हणताना आपण शब्द कसा वापरतो? खळ्यासारखा, की त्या चिकट खळीसारखा? पोचट वेगळं काढायला वापरतो, की माणसाला, त्याच्या पोराबाळांना, त्याच्या आख्ख्या वाडीला चिकटवून टाकायला? याचा इतिहास मोठा आहे, आणि तो आपल्या दाराशी येऊन थांबतो. विठ्ठलाचं नाव घ्या, मग पुढे जाऊ.

(नामगजर)

उत्तररंग

आपल्या भाषेत वाईट माणसाला शब्द काही कमी नाहीत. दुष्ट, दुर्जन, नराधम, चांडाळ, बदमाश, हरामखोर. रागाच्या भरात जो हाताशी येईल तो आपण फेकतो. पण शब्द उचलून त्याच्या तळाशी काय लिहिलंय ते बघत नाही. आज बघू.

पहिला घ्या चांडाळ. शेजाऱ्याने बांध कोरला की आपण म्हणतो, काय चांडाळ माणूस आहे. चार टवाळ एकत्र बसले की म्हणतो, ही चांडाळचौकडी. हा शब्द मुळात दुष्टपणाचा नाहीच. जुन्या स्मृतिग्रंथांत हे एका समाजाचं नाव आहे. गावाबाहेर राहायला लावलेल्या, अंत्यविधीची, मेलेली जनावरं उचलण्याची कामं ज्यांच्यावर लादली त्यांचं. त्यांचं नाव पुढे शिवी झालं. आता चांडाळचौकडीतले ते चौघे कोण ते आठवा. दुर्योधन, दुःशासन, कर्ण आणि शकुनी. दोघे हस्तिनापूरचे राजपुत्र. एक गांधारचा राजघराण्यातला. चौथा सूताच्या घरी वाढला, पण अंगदेशाचा राजा झाला. भरसभेत द्रौपदीची विटंबना झाली ती राजवाड्यात, गावकुसाबाहेर नाही. त्या चौघांत चांडाळ म्हणून जन्मलेला एकही नाही. पाप वाड्यात झालं आणि त्याला नाव दिलं गावाबाहेरच्या माणसाचं. केवढा हा अन्याय, आणि आपण तो रोज बोलतो!

आणि ज्यांना गावाबाहेर ठेवलं त्यांत आमचे चोखोबा होते. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली, त्याखाली ते गेले, इ. स. १३३८ मध्ये. परंपरा सांगते, नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून पंढरीच्या महाद्वाराशी समाधी दिली. समाधी दाराशी, पण दाराच्या आत त्यांच्या समाजाला वाट नव्हती. ती वाट मोकळी झाली १९४७ साली, साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. मोजा. सहाशे नऊ वर्षं. एक शब्द पुसायला एवढा काळ लागला, आणि जिभेवरून तो अजून पुसलेला नाही.

दुसरी गोष्ट वाल्याची. ही आपल्या सगळ्यांची आवडती. वाटसरूंना लुटायचा, नारदमुनी भेटले, त्यांनी विचारलं, घरच्यांसाठी लुटतोस, मग ते पापाचे वाटेकरी होतील का? घरचे नाही म्हणाले, याचे डोळे उघडले, राममंत्राने वाल्याचा वाल्मीकी झाला. व्यंकटी गेली ती अशी. पण आपण गोष्ट सांगताना काय करतो ते कधी ध्यानात आलंय का? लुटारू असतो तेव्हा आपण म्हणतो वाल्या कोळी. रामायण लिहितो तेव्हा म्हणतो वाल्मीकी ऋषी. पाप सांगताना जात जोडली, पुण्य सांगताना जात गळाली! मी हे कुणाला बोल लावायला सांगत नाही. आपली जीभ कशी वळते ते दाखवतोय. पुढच्या वेळी नातवंडांना ही गोष्ट सांगाल तेव्हा लुटारूला नुसता वाल्या म्हणा, गोष्ट तसूभरही कमी होत नाही.

तिसरा शब्द घ्या, कानफाट्या. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं, अशी म्हणच आहे. बदनामी झाली की ती पुसत नाही, असा तिचा अर्थ. पण कानफाट्या कोण? कानाच्या पाळीला छेद देऊन त्यात मुद्रा घालणारा नाथपंथी जोगी. निवृत्तिनाथांना ज्ञान दिलं गहिनीनाथांनी. म्हणजे ज्ञानोबारायांच्या गुरुघराण्यातलाच हा वेष. ज्या परंपरेतून ज्ञानेश्वरी आली, तिच्या साधूच्या कानाची खूण आपण बदनामीला वापरली. हा शब्द ध्यानात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

आता येऊ आपल्या दाराशी. बदमाश हा शब्द फारसीच्या वाटेने आला. बद म्हणजे वाईट, आणि माश म्हणजे उपजीविका, पोटापाण्याचं साधन. ज्याचं पोट वाईट मार्गाने भरतं तो बदमाश. शब्द तसा प्रामाणिक आहे. तो माणसाच्या रक्ताबद्दल काही बोलत नाही, तो विचारतो, बाबा, तू जगतोस कशावर? पण मग लगोलग दुसरा प्रश्न विचारायला हवा. चांगलं साधन होतं, ते कुणी काढून घेतलं?

आपल्या कर्जत-खालापूरच्या प्रत्येक दोन-चार गावांमागे एक कातकरीवाडी आहे. कातकरी, काथोडी हे नाव कशावरून आलं? काथावरून. पानाला चुन्याबरोबर लावतो तो काथ. खैराच्या झाडाचा गाभा काढायचा, त्याचे बारीक तुकडे करायचे, उकळायचे, तो रस आटवत आटवत घट्ट करायचा आणि वड्या पाडायच्या. हा या लोकांचा धंदा. कसबी काम आहे ते. ताप कमी पडला तर बिघडतं, जास्त झाला तर बिघडतं. समाजाचं नावच त्यांच्या हुन्नरावरून पडलं, जसं सोन्यावरून सोनार, लोहावरून लोहार. मुंबईच्या बाजारात विडा रंगला तो या डोंगरातल्या हातांनी.

मग इंग्रज सरकारने जंगलाचे कायदे केले. १८७८ च्या कायद्याने राखीव जंगल ठरवण्याची रीत पक्की झाली. काल ज्या खैरावर कुऱ्हाड घातली तर तो धंदा होता, आज तो गुन्हा झाला. माणूस तोच, झाड तेच, कुऱ्हाड तीच. बदलला तो कागद. तेव्हा आपला कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यात होता, १८९१ साली तो कुलाब्यात आला, आणि १९८१ साली कुलाब्याचा रायगड झाला. जिल्ह्याचं नाव दोनदा बदललं, पण वाडीचं दैन्य बदललं नाही. काथ गेला, मग लोक कोळशाच्या भट्ट्यांवर गेले. लाकूडफाटा विकू लागले. कंदमुळं, खेकडे, मासे यांवर दिवस काढू लागले. आणि मग गाव म्हणू लागलं, यांना स्थिर धंदा नाही, यांचा भरवसा नाही.

सरकारनेही तेच म्हटलं, कायद्यात लिहून. १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यात १०९ वं कलम होतं. ज्याला पोट भरण्याचं उघड साधन नाही, ज्याला स्वतःबद्दल समाधानकारक सांगता येत नाही, त्याच्याकडून चांगल्या वागणुकीचा जामीन मागता येत असे. कळलं का? साधन काढून घ्यायचं एका कायद्याने, आणि साधन नाही म्हणून संशय घ्यायचा दुसऱ्या कायद्याने. बदमाश असा घडतो, श्रोतेहो.

त्याहून कठोर कायदा होता १८७१ चा, गुन्हेगार जमातींचा. तो आधी उत्तरेकडे लागू झाला, १९११ च्या कायद्याने त्याचा आवाका सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानावर आला. त्यात काय होतं? सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की त्या जमातीत जन्मलेला माणूस नोंदवहीत जायचा. हजेरी द्यायची. परवान्यावाचून हलायचं नाही. १८९७ साली मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवण्याचीही तरतूद झाली. कोर्टात जाऊन आमची जमात गुन्हेगार नाही असं म्हणण्याची सोय नव्हती. सोलापुरात अशा लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं, त्या भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. पाळण्यातलं पोर, त्याने अजून मूठही उघडली नाही, आणि वहीत काय? गुन्हेगार. माउलींच्या शब्दात वाक सुटण्याची सोय होती. या कायद्याच्या शब्दात ती सोयच ठेवलेली नव्हती.

देश स्वतंत्र झाला तरी हा कायदा सगळीकडून जायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावं लागलं. त्या दिवसापासून ते लोक विमुक्त म्हणवले जातात. कायद्याने शिक्का काढला, पण ती चिकट खळ काही निघाली नाही. लातूरकडचे लक्ष्मण गायकवाड यांनी आपलं आत्मचरित्र लिहिलं, १९८७ साली प्रसिद्ध झालं, पुढे त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुस्तकाचं नाव काय ठेवलं? 'उचल्या'. जगाने दिलेला शब्दच त्यांनी कव्हरावर छापला आणि जगालाच वाचायला लावला.

उचल्यावरून आठवलं. आपल्याकडे उचल हा शब्द आणखी कुठे चालतो? वीटभट्टीवर. पावसाळ्यात वाडीत चूल थंड असते, तेव्हा भट्टीचा माणूस येतो, उचल देतो. आगाऊ पैसे. दिवाळीनंतर आख्खं कुटुंब भट्टीवर जातं, मुलं शाळेतून निघतात, पाऊस येईपर्यंत चिखल तुडवतात. हिशोब होतो तेव्हा बरेचदा उचल फिटलेली नसते, पुढच्या वर्षीचं देणं तयार असतं. वेठबिगारीविरुद्ध १९७६ साली कायदा झालेला आहे, तरी हे चालतं. आता सांगा, उचल देऊन आख्खं घर बांधून घेणारा शेठ, आणि पोरासाठी मूठभर तांदूळ उचलणारा उचल्या! हरामखोर शब्दाचा अर्थ ज्याच्यावर आपला हक्क नाही ते खाणारा. या दोघांत हक्काचं नसलेलं जास्त कुणी खाल्लं? मी उत्तर देत नाही. तुमचं तुम्ही द्या.

कुणी म्हणेल, बुवा, शिक्का पुसतही असेल की. पुसतो. पण कुणाचा पुसतो ते बघा. खालापूरच्या शेजारी पनवेल तालुक्यात शिरढोण आहे, वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. जन्म १८४५. दुष्काळात लोक किड्यामुंगीसारखे मेलेले पाहिले आणि सरकारविरुद्ध उठले. सावकारांचे वाडे लुटले, त्यातून शस्त्रं जमवायची होती. इंग्रज सरकारच्या कागदात ते दरोडेखोर. १८७९ मध्ये पकडले गेले, जन्मठेपेवर एडनला गेले, १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच देह ठेवला. आज आपण त्यांना आद्य क्रांतिकारक म्हणतो, पुतळ्याला हार घालतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्याबरोबर लढले ते कोण? रामोशी. दौलतराव नाईक त्यातच मारले गेले. पुढाऱ्याच्या नावावरचा दरोडेखोर हा शब्द आपण पुसला. त्याच लढ्यात रक्त सांडणाऱ्या रामोश्यांच्या समाजावर मात संशय पुढे पिढ्यानपिढ्या राहिला. एका लढ्यातले लोक, पण शब्द दोन.

आणि आपल्याच तालुक्यातले भाई कोतवाल. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म माथेरानचा, १ डिसेंबर १९१२. गरीब नाभिक घरातला मुलगा वकिलीपर्यंत शिकला. गावोगावी शाळा काढल्या, पावसाळ्यात गरिबाला सावकाराच्या दारी जावं लागू नये म्हणून धान्याची कोठारं उभी केली. ते कोठार म्हणजे काय, तर लोकांचं साधन लोकांच्या हातात ठेवणं. १९४२ ची हाक आली तसे भूमिगत झाले. आपल्या खोपोलीत १९१५ पासून आणि भिवपुरीत १९२२ पासून वीज तयार होते, ती मुंबईला जाते. कोतवालांच्या दस्त्याने विजेच्या तारांचे मनोरे पाडले. सरकारने त्यांना फरारी ठरवलं, डोक्यावर बक्षीस लावलं. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाडच्या सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. सरकारी वहीत फरारी, लोकांच्या तोंडी भाई. एकाच माणसाला एकाच दिवशी दोन शब्द. म्हणून म्हणतो, शब्द ऐकला की आधी विचारावं, ही वही कुणाची आहे?

आता कुणी म्हणेल, हे सगळं जुनं झालं. नाही हो. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडी बाजार. मोबाइलवर अफवा फिरत होती, मुलं पळवणारी टोळी आली आहे. भिक्षा मागत फिरणारे पाच जण लोकांना दिसले. गर्दीने त्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि मरेपर्यंत मारलं. पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. मघाचा शब्द आठवला का, कानफाट्या? ज्या नाथांच्या परंपरेतून पसायदान आलं, त्यांचं नाव घेऊन भिक्षा मागणारे ते लोक. त्यांतले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले, चोखोबांच्या मंगळवेढ्याचे. दोन वर्षं झाली नाहीत तोच, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, पालघरच्या गडचिंचले गावी पुन्हा तेच. या वेळी अफवा चोरांची. गर्दीच्या हाती सापडले दोन साधू आणि त्यांचा गाडीवाला. तिघेही गेले.

श्रोतेहो, या दोन्ही ठिकाणी मारणारे सगळे जन्माचे खळ होते का? शेतकरी होते, मजूर होते, पोराबाळांचे बाप होते. सकाळी कुणी विचारलं असतं तर कुणीच म्हणालं नसतं की संध्याकाळी मी माणूस मारणार आहे. एक शब्द कानात पडला, चोर, आणि त्या शब्दाने समोरच्याचं माणूसपण झाकलं. व्यंकटी कुठे शिरली? ज्यांना खळ समजून मारलं त्यांच्यात नाही. ती शिरली काठी धरलेल्या हातात. म्हणून तर माउलींनी खळांची नावं दिलेली नाहीत, जात दिलेली नाही, गाव दिलेलं नाही. ती जागा रिकामी ठेवली आहे. तिथे कधी कोण उभा राहील, सांगता येत नाही. कधी मी, कधी तुम्ही.

मग वाईटाला वाईट म्हणायचंच नाही का? असं मी म्हणत नाही. गीतेच्या सोळाव्या अध्यायात भगवंतांनी आसुरी संपत्तीची यादीच दिली आहे, दंभ, गर्व, क्रोध, कठोर बोलणं. सगळे गुण आहेत, त्यात जातीचं नाव एकही नाही. नवव्या अध्यायात तर म्हणाले, अगदी दुराचारी असला तरी अनन्यभावाने भजू लागला तर त्याला साधूच समजावं. दार उघडं ठेवलं. आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाडच्या शिवथरघळीत समर्थांनी दासबोध सांगितला अशी परंपरा आहे. त्यात दुसऱ्या दशकाच्या आरंभीच मूर्खाची लक्षणं मोजून दाखवली, आणि त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खाचीही. अडाण्याला सोडलं नाही, शहाण्यालाही सोडलं नाही. लक्षणं द्यायची ती ऐकणाऱ्याने स्वतःला ताडून बघण्यासाठी.

त्यातून आपल्याला रीत मिळते. शब्द लावायचा तो कृत्याला लावावा, कुळाला लावू नये. चोरी केली त्याला चोर म्हणा, पण डोळ्यांनी पाहिलं असेल तर, आणि त्या एकालाच म्हणा. त्याच्या वाडीला म्हणू नका, त्याच्या लेकराला शाळेत म्हणू नका. आणि तो सुधारला की तो शब्द मागे घ्या. उसनी आणलेली वस्तू परत करतो तसा परत करा.

गावात देवळाची समई हरवते, शेतातला पंप जातो, कोंबडं नाहीसं होतं. पहिलं बोट कुठे जातं, मायबाप? मी सांगायला नको. वाडीकडे जातं. काही वेळा समई पुजाऱ्याच्या माळ्यावर सापडते, पंप पाहुण्याने नेलेला निघतो. बोट मात्र कुणी मागे घेत नाही, वाडीत जाऊन चुकलं म्हणत नाही. त्या वाडीतलं पोर त्या दिवशी वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसतं. २००६ साली देशाने वनहक्काचा कायदा केला, त्याच्या आरंभीच आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला असं लिहिलं. सरकारने एवढं कबूल केलं. गावाने अजून करायचं आहे. गावाला त्यासाठी कायदा नको. एक वाक्य पुरे, तेही वाडीत जाऊन, चारचौघांत.

या सप्ताहाची सांगता होईल, काल्याचं कीर्तन होईल, महाप्रसादाची पंगत बसेल. काला म्हणजे काय? गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र केल्या, कुणाची कुठली हे ओळखू येईना, आणि देवाने ते कालवून सगळ्यांच्या मुखी घातलं. त्या पंगतीला वाडीला निरोप गेला पाहिजे. उरलेलं नेऊन द्यायला नाही, बसायला. रांगेत, आपल्या मांडीला मांडी लावून. एवढं यंदा करा.

आणि आज घरी जाताना पसायदान म्हणाल, तेव्हा पहिल्या मागण्याशी क्षणभर थांबा. खळ हा शब्द येईल. त्या वेळी डोळ्यांसमोर दुसऱ्या कुणाचं तोंड आलं, तर समजा आपला वाक अजून तसाच आहे. खळ्यावर उभं राहायचं ते आपलाच भारा झोडायला.

बोला, ज्ञानेश्वर महाराज की जय. रामकृष्णहरी.